अंगठा बोटांच्या बाजूला

३ ऑक्टोबर, मंगळवार

लिहा — आज छातीत दुखलं नाही म्हणाले.

नाही वन्सं, नुसतं 'दुखलं नाही' लिहू नका. 'म्हणाले' लिहा. त्या एका शब्दासाठी तर ही वही सुरू केलीय.

वही खरं तर यांची. डॉक्टर म्हणाले, रोज तारीख घाला, छातीत दुखलं की लिहून ठेवा, महिन्याने मला दाखवा. यांनी पहिल्या पानावर शिडाचं चित्र काढलं आणि वही फडताळात टाकली. मी उचलली. मला अक्षर येत नाही. वन्संना येतं, तीस वर्षं शाळेत शिकवलंय त्यांनी. तेव्हा मी बोलणार, त्या लिहिणार. बहिणीने भावाच्या चुगल्या लिहायच्या! वन्सं हसतायत. हसा, पण लिहा.

वही पिठाच्या डब्यामागे राहील. तिथे हे सात जन्मांत हात घालणार नाहीत.

४ ऑक्टोबर, बुधवार

दुखलं नाही म्हणाले. जिना चढताना मधे थांबले. म्हणे, चपलेत खडा गेला. चपला खाली काढून ठेवल्या होत्या!

५ ऑक्टोबर, गुरुवार

बटण गेलं.

आमची शिडाची बोट. आमची म्हणजे यांची, माझी ती सवत. चाळीस वर्षं एका घरात नांदतोय दोघी. तिच्या पोटात एक लहानसं डिझेल इंजिन आहे, खोकल्या नाव त्याचं. बंदरातून बाहेर पडेपर्यंत खोकल्या, पुढे वारा. बटण दाबलं की दोनदा खोकून सुरू व्हायचा. आज दाबलं तर टक्‌सुद्धा नाही. संध्याकाळी हे घरी आले, हात काळे, म्हणाले, "स्टार्टर जळला. नवा यायला दोन महिने."

म्हटलं, मिस्त्रीला दाखवा की.

"मी पाहिलंय ना!"

संपलं. 'मी पाहिलंय ना'च्या पुढे आमच्या घरात रस्ता नाही.

पण दोन महिने कुठून आणायचे? एकतीस तारखेच्या आत धक्का रिकामा करायचाय. तो पाडून नवा बांधणार आहेत. नोटीस वन्संनीच वाचून दाखवली होती. बोट टोकाला वळसा घालून पलीकडच्या बंदरात न्यायची. सहा तासांची वाट. म्हणजे खोकल्याला हाताने फिरवायचं. आणि ते कोण फिरवणार? डॉक्टरांनी ज्यांना पाण्याची बादली उचलायला बंदी केलीय, ते!

रात्री मी ताट तसंच बाजूला सारलं. यांनी मात्र दोनदा भात मागितला.

७ ऑक्टोबर, शनिवार

मुलाचा फोन. "आई, विकून टाका ती बोट." म्हटलं, तूच सांग ना वडिलांना. त्याने फोन ठेवला. बाणेदार आहे पोरगा, माझ्यावर गेलाय.

दुसऱ्या कुणाला न्यायला सांगू, असं मी हळूच सुचवलं. हे म्हणाले, "माझी बोट मी नेणार. तू येणार नसशील तर एकटा नेईन."

एकटा!

मी ताटं उचलून आत गेले. यांना वाटलं मी रागावले. मी रागावले नव्हते. माझ्या डोळ्यांपुढे बोटीच्या आतला तो चार पायऱ्यांचा लाकडी जिना आला, खाली तो काळोखा कोनाडा, आणि त्यात वाकलेले हे. हातात हँडल. आणि मग... नको, वन्सं. हे वाक्य इथेच ठेवा.

दुखलं नाही म्हणाले.

९ ऑक्टोबर, सोमवार

आज सांगून टाकते, हाताने इंजिन सुरू करायचं म्हणजे काय ते. वन्संना माहीत नाही. त्या बोटीवर एकदाच चढल्या होत्या आणि ओकल्या होत्या. (लिहा, लिहा. वहीत खोटं नको.)

बटण बारा वर्षांपूर्वी बसवलं. त्याआधी सगळं हातावर. इंजिनाच्या पुढे एक जड लोखंडी चाक, त्याच्या मधोमध हँडल अडकवायचं आणि गरागरा फिरवायचं. पण इंजिनाच्या पोटात हवा दाबली जाते, ती चाक फिरू देत नाही. म्हणून वर एक खटका असतो. खटका वर केला की इंजिनाचं तोंड उघडं राहतं, हवा फुसफुस बाहेर जाते, चाक हलकं फिरतं. वेग आला की खटका खाली. तोंड बंद, हवा कोंडली, डिझेल पेटलं — धाड्!

हे फिरवायचे, खटका माझ्याकडे. हे ओरडायचे, "सोड!" की मी खटका पाडायचे. लग्न झाल्यावर पहिलं जे काम मला या घराने शिकवलं ते हे. स्वयंपाक नंतर.

खरं तर मी यांच्या ओरडण्याची वाटच पाहायचे नाही. यांचा श्वास ऐकायचे. पाचव्या फेरीला श्वास आखूड व्हायचा, सहाव्याला दात आवळायचे, सातव्याला सोड. मुलगा झाला तेव्हा नर्सबाई म्हणाल्या, श्वास मोजा. म्हटलं, बाई, मला सवय आहे.

आता यांचा श्वास दुसऱ्याच पायरीवर आखूड होतो.

१० ऑक्टोबर, मंगळवार

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पहाटे ठरवलं. फिरवायचं ते मी फिरवणार.

वय माझं अडुसष्ट. उंची, वन्संच्या खांद्याला लागते. पोहता येत नाही. बाकी सगळं उत्तम.

११ ऑक्टोबर, बुधवार

मिस्त्रीकडे गेले. तीन गल्ल्या सोडून त्याची शेड आहे. जाडा, सतत काहीतरी गुणगुणणारा माणूस, कानावर पेन्सिल. त्याच्या टेबलावर खोकल्याचा जुळा भाऊ बोल्टांनी बसवलेला आहे, तसलंच इंजिन. म्हटलं, मला फिरवायला शिकव.

तो गुणगुणायचा थांबला.

"आजी, आजोबांना माहीत आहे?"

म्हटलं, तुझ्या बायकोला तू सगळं सांगतोस?

"स्टार्टर मी बघतो की. आजोबा बोटीला हातच लावू देत नाहीयेत. काल मी आपणहून गेलो, तर म्हणाले, मी पाहिलंय."

म्हटलं, तुलासुद्धा? मला वाटलं होतं तो मान फक्त माझा.

दुपारी दोन ते चार हे झोपतात. हीसुद्धा नवीनच तऱ्हा, आयुष्यात दुपारी झोपले नाहीत, या आठवड्यात रोज झोपतात. थकलेत. तेवढ्या वेळात शिकायचं. यांना सांगायचं, वर वन्संकडे गप्पा मारायला जातेय. वन्सं, कुणी विचारलं तर मी तुमच्याकडे आहे हं!

१२ ऑक्टोबर, गुरुवार

पहिला धडा अंगठ्याचा.

आपण काहीही धरतो तर चार बोटं एका बाजूला आणि अंगठा दुसऱ्या. इथे तसं धरायचं नाही. अंगठा बोटांच्याच बाजूला. कारण इंजिन कधीकधी उलटं उसळतं. बैलासारखं मागे झटका देतं. अंगठा आडवा असेल तर हँडल हात सोडत नाही, मनगट घेऊन जातं. अंगठा बोटांबरोबर असेल तर हात आपोआप उघडतो आणि निसटतो.

"आजी, अंगठा विसरा."

म्हटलं, बाबा रे, सगळ्या कागदांवर आजवर मी अंगठाच उठवलाय. तोच विसरू?

तो हसला. मी नाही हसले. मला यांचं डावं मनगट आठवलं, वाकडं बसलेलं. बटणाच्या आधीची गोष्ट. त्या सकाळी मी खटका लवकर पाडला होता. यांनी 'सोड' म्हणायच्या आधी. आदल्या दिवशी भांडण झालं होतं आमचं, मी फुरंगटले होते, श्वासाकडे लक्षच नव्हतं. हँडल उसळलं, हाड मोडलं. मी म्हटलं, खटका आपोआप पडला. यांनी नवा खटका बसवला. जुना अजून हत्यारांच्या पेटीत आहे. मला दिसला की मी पेटीचं झाकण लावते.

कुणाला सांगितलं नव्हतं. वन्सं, तुम्ही लिहिताय ना? बघू नका माझ्याकडे. लिहा.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

मिस्त्रीने एका पुठ्ठ्यावर सगळं क्रमाने लिहून दिलं. एक, दोन, तीन. म्हटलं, सुंदर अक्षर आहे रे, भिंतीला लावते.

मग त्याच्या लक्षात आलं, बिचारा कानापर्यंत लाल.

मी माझा क्रम केला. माणसासारखा. आधी पोट — खालची पाण्याची चावी उघड, नाहीतर इंजिन तहानेनं तापून मरेल. मग घसा — डिझेलचा कॉक. मग कान वर, म्हणजे खटका. मग हात. सुरू झालं की पाठीमागे बघ, पाणी थुंकतंय का. पोट, घसा, कान, हात, थुंकी. डोळे मिटून म्हणून दाखवलं. मिस्त्री म्हणाला, "पुठ्ठा परत द्या, मीच असं पाठ करतो."

चाक मात्र दीड फेरी फिरलं आणि मी खाली बसले.

१६ ऑक्टोबर, सोमवार

चार फेऱ्या. दंड भरून आलेत. वेणी घालायला हात वर जात नाही. वन्संनी घातली. शाळेतल्या मुलीला घालतात तशी घट्ट, डोळे वर ओढले गेलेत माझे.

दुखलं नाही म्हणाले. पण दूध आणायला गेले ते अर्ध्या तासाने आले. दुकान समोर आहे.

१८ ऑक्टोबर, बुधवार

आज उसळलं!

पाचवी फेरी, मिस्त्रीने खटका पाडला, एकदा खोकलं आणि उलटं आलं. मी अंगठा विसरले नव्हते. म्हणजे विसरायचा विसरले होते. नख काळं पडलं, अंगठा भोपळ्याएवढा. मोडला नाही, मिस्त्री म्हणतो. तो माझ्याहून जास्त घाबरला, पाणी आणायला गेला आणि स्वतःच पिऊन आला.

घरी यांना सांगितलं, कपाटाच्या दारात सापडला.

यांनी हात हातात घेतला, उलटासुलटा केला. मलम घेऊन आले. लावलं. मग म्हणाले, "कपाट उघडताना अंगठा बोटांच्या बाजूला ठेवत जा."

मी चमकले. पण यांचा चेहरा भिंतीसारखा कोरा. मग मला म्हणतात, "चहा मी करतो आज."

चहा! यांनी! वन्सं, तुम्हाला तरी आठवतंय का यांनी कधी चहा केलेला?

माहीत असेल का यांना? असेल तर अडवत का नाहीत?

१९ ऑक्टोबर, गुरुवार

अंगठ्याला फडकं बांधून घरी बसले. असं बसून राहिलं की भीती वाढते. चालत्या माणसाच्या मागे राहते, बसलेल्याच्या मांडीवर येते.

हे दिवसभर टेप घेऊन घरभर फिरत होते. यांचं हिरव्या टेपचं वेड जुनं. कुकरचा कान, टॉर्च, माझ्या चष्म्याची काडी — सगळं हिरवं. आणि प्रत्येक ठिकाणी टेपचं टोक जरासं दुमडलेलं. पुन्हा सोडवताना नख खरवडायला लागू नये म्हणून. म्हणते मी, जे चिकटवायचं ते सोडवायचा विचार आधीच कशाला? तर म्हणतात, "सगळं कधी ना कधी सोडवावंच लागतं." आज बोटीचं हँडलही घरी आणून मुठीवरचं जाड रबर कापून टाकलं आणि मूठ नुसत्या टेपने गुंडाळली. जाड होती, म्हणे, आता हातात बसते.

यांच्या हाताला ती आता बारीकच वाटेल. पण मी कशाला बोलू?

२२ ऑक्टोबर, रविवार

नातीचा फोन. "आजी, काय करतेस?" म्हटलं, व्यायाम. खूश झाली. म्हणाली, हलका हलकाच कर हं.

२३ ऑक्टोबर, सोमवार

सहा फेऱ्या! मिस्त्रीने खटका पाडला आणि धाड् धाड् धाड्! शेडचे पत्रे हलले. मी हँडल ओढून काढलं आणि मटकन बसले. मिस्त्री टाळ्या वाजवायला लागला. मला रडू आलं. वन्सं, हसू लिहा. नाही, रडूच लिहा.

पण खटका त्याने पाडला. बोटीवर तो कोण पाडणार? हे असतील तर ठीक. आणि हे... समजा हे नसतील तर? म्हणजे असतील, पण — लिहू नका.

लिहिलंत? बरं.

मिस्त्रीला विचारलं, एकटीने दोन्ही कसं करायचं. तो म्हणाला, "तरणेताठेही चुकतात, आजी." मी उद्या पायजम्याची नाडी घेऊन जाणार आहे. एक टोक खटक्याला, दुसरं माझ्या पायाला.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

नाडीने दहा वेळा करून पाहिलं. तीन वेळा जमलं. सात वेळा नाही.

सात जास्त की तीन, हे कळायला शाळेत जावं लागत नाही.

२८ ऑक्टोबर, शनिवार

उद्या सकाळी निघायचं. हवा चांगली आहे म्हणतात. यांनी दाढी केली, धुतलेला सदरा काढला. लग्नाला निघाल्यासारखे.

मी विचारलं, खरं सांगा, दुखतंय का?

"नाही."

विचारलं, भीती वाटते का?

यांनी सदऱ्याची घडी मोडता मोडता माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं काहीतरी सांगणार. मग म्हणाले, "नाडी घेतलीस का बरोबर? लागते कधीकधी. बांधायला."

वन्सं, मला फार भीती वाटतेय. वही डब्यामागे ठेवा. मी आले नाही तर पीठ संपेपर्यंत कुणाला सापडणार नाही.

३१ ऑक्टोबर, मंगळवार

हे पान पलीकडच्या गावच्या इस्पितळातल्या बाकावर बसून लिहून घेतेय. वन्सं काल बसने आल्या, वही पिशवीत घालून. हे आत आहेत. जिवंत आहेत. डॉक्टरांनी छातीच्या नळीत जाळी बसवली. मी आता क्रमाने सांगते, नाहीतर माझ्याच डोक्यात राहणार नाही.

रविवारी धक्क्यावर आठदहा माणसं होती, निरोप द्यायला, म्हणजे तमाशा बघायला. हे आत उतरले आणि हँडल उचललं. मी मागून म्हटलं, बाजूला व्हा.

वाटलं होतं ओरडतील. यांनी हँडल माझ्या हातात दिलं. हिरवी मूठ माझ्या मुठीत अशी बसली, जणू मापून केलेली. खटक्यावर हात ठेवून उभे राहिले आणि एकच शब्द बोलले, "अंगठा."

पोट, घसा, कान, हात. सहाव्या फेरीला यांनी खटका पाडला. मी काही म्हणायच्या आधीच. सुरू! वर लोक ओरडले. हे हसले नाहीत. फक्त एक लांब श्वास सोडला, कित्येक दिवस धरून ठेवल्यासारखा.

बाहेर पडलो, शीड वर, खोकल्या बंद. तीन तास छान वारा. मी सुकाणूवर, हे पुढे बसून गाणं म्हणत होते, बेसूर.

टोकाजवळ वारा पडला. एकदम. शीड ओल्या फडक्यासारखं लोंबलं. तिथे पाण्याची ओढ खडकांकडे आहे, सगळ्यांना माहीत आहे. हे उठले, म्हणाले, नांगर टाकतो. टाकला, दोर सगळा गेला, तळ लागेना. मागे वळले तेव्हा यांचा चेहरा राखेच्या रंगाचा होता. डावा हात पोटाशी धरलेला. म्हणाले, "जरा बसतो."

जरा बसतो म्हणणारा माणूस नाही हा!

मी कसंबसं यांना खाली आणलं, इंजिनाशेजारच्या बाकावर झोपवलं. कपाळ गार, घाम नुसता. फोन लावला, मुलाच्या नंबराचं एक खुणेचं बटण आहे माझ्या फोनवर, ते दाबलं — काही नाही, रेंजच नाही. खिडकीतून खडक दिसत होते. त्यांच्यावर फेस येत होता आणि जात होता. आवाज यायला लागला होता. तो आवाज अजून कानात आहे, वन्सं. माणसं आत धापा टाकत असल्यासारखा.

नाडी खटक्याला बांधायला घेतली. गाठच बसेना. दोन वेळा सुटली. चष्मा कुठे पडला कळलं नाही. तिसऱ्यांदा बोटं नाडीवर ठेवली तर त्यांच्यावर यांची बोटं आली. यांनी नाडी काढून टाकली. बाकावर पडल्यापडल्या हात वर केला आणि खटका धरला.

"फिरव," म्हणाले. आवाज नव्हताच, ओठ हलले.

पोट, घसा, कान. हात. अंगठा बाजूला.

एक. दोन. तीन. चौथ्या फेरीला पाय घसरला, चाक थांबलं. बाहेर फेस अगदी जवळ. पुन्हा. एक, दोन. मला माझा श्वास ऐकू येत होता. पाचव्याला आखूड झाला, सहाव्याला मी दात आवळले. कवळी आहे, तरी आवळले. आणि इतकी वर्षं यांच्या तोंडून जे ऐकलं होतं ते माझ्या तोंडून आलं —

"सोडा!"

यांनी सोडला.

उसळलं! हँडल उलटं आलं, हात उघडला, निसटला. अंगठा वाचला. इंजिन गप्प. यांचा हात खाली पडला.

मी ओरडले यांच्यावर. काय ओरडले ते लिहू नका. नवऱ्याला असं कुणी बोलत नाही. यांनी हात पुन्हा वर केला. अर्ध्यापर्यंत आला आणि थांबला. मग मी तो धरून खटक्यावर ठेवला, जसं लहान मुलाचं बोट पाटीवर ठेवतात.

एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सात. आठही फिरवली, यांना वेळ मिळावा म्हणून. "सोडा!"

धाड्! धाड् धाड् धाड्!

वर धावले. मागे पाणी थुंकतंय. सुकाणू धरलं. खडक इतके जवळ की त्यावरचे शिंपले दिसत होते, चष्म्याशिवाय. वळवली. सवत वळली, बाई, जरा कुरकुरली पण वळली. पुढचे दोन तास मी एका हाताने सुकाणू धरलं आणि दर थोड्या वेळाने खाली ओरडत राहिले, "आहात का?" हे आतून इंजिनाच्या पेटीवर बोटांनी वाजवायचे. टक टक.

एकदा वाजलं नाही. मी मोजत राहिले. अकरापर्यंत मोजलं. मग वाजलं.

१ नोव्हेंबर, बुधवार

दुखतंय म्हणाले.

पहिल्यांदा! मी इतकी खूश झाले की नर्सबाईंना वाटलं माझं डोकं फिरलं.

२ नोव्हेंबर, गुरुवार

यांच्या उशाशी बसून मनगटाची गोष्ट सांगितली. खटका मी लवकर पाडला होता, ती. हे डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "अंगठा माझा आडवा होता. तो माझा मी ठेवला होता." मग झोपले.

६ नोव्हेंबर, सोमवार

मिस्त्री स्वतःहून आला, बोट बघायला. मला बोलावून नेलं. इंजिनाच्या मागे टॉर्च धरून म्हणाला, "आजी, स्टार्टर जळलेला नाही. चांगला आहे. नुसती वायर काढून ठेवलीय. ती जोडून बटण दाबलं असतंत तर..." आणि काढलेल्या वायरीच्या तोंडावर हिरवी टेप होती, नीट गुंडाळलेली. टोक दुमडलेलं.

आधी एवढा राग आला की इस्पितळात जाऊन यांची ती जाळी हाताने उपटावी. मग मी त्या चार पायऱ्यांवर बसले. दुपारची झोप, कपाटाचं दार, हिरवी मूठ. आपण कोसळलो आणि बटणानेही दगा दिला तर मला हाताने सुरू करता यावं, म्हणून हे सगळं. मला वाटलं होतं घाबरलेली मी एकटीच आहे.

मिस्त्रीने वायर जोडायला हात घातला. म्हटलं, राहू दे. यांना घरी येऊ दे आधी. टेप होती तशी लाव. टोक दुमडून.